आईस हॉकीच्या सुपरस्टारने पगारवाढ का नाकारली? एडमंटन ऑइलर्सच्या ऑफसीझनचं गणित

६ ऑक्टोबर २०२५ ला कॅनडातल्या एडमंटन शहराने सुटकेचा निःश्वास सोडला, पण अर्धाच. आज जगातला सर्वोत्तम आईस हॉकीपटू मानला जाणारा कॉनर मॅकडेव्हिड याने आपल्या ऑइलर्स संघासोबतचा करार वाढवला. वाढवला फक्त दोन वर्षांनी. आणि पगार? वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलर. म्हणजे २०१८ पासून मिळतोय तेवढाच, एक डॉलरही जास्त नाही.

त्याच्या आठवडाभर आधी मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोव्हने ८ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला होता. वर्षाला १ कोटी ७० लाख. नियमानुसार मॅकडेव्हिडला वर्षाला १ कोटी ९१ लाखांपर्यंत मागता आलं असतं, आणि तेवढं द्यायला कुणी नाही म्हणालं नसतं. तरीही त्याने वर्षाला ६६ लाख डॉलर सोडून दिले.

हे औदार्य आहे की इशारा? खरं तर दोन्ही. ते समजून घ्यायचं तर या संघाचे मागचे दोन उन्हाळे पाहावे लागतात.

कोण आहेत ऑइलर्स?

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मेजर ध्यानचंद आठवतात. ही हॉकी वेगळी. बर्फाचं मैदान, पायात स्केट्स, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती म्हणजे पक, आणि एका वेळी गोलकीपर धरून सहा खेळाडू. या खेळातली सगळ्यात मोठी लीग म्हणजे नॅशनल हॉकी लीग, थोडक्यात एनएचएल. ३२ संघ, त्यातले २५ अमेरिकेतले आणि ७ कॅनडातले. २०२५-२६ पर्यंत ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक संघ ८२ सामने खेळायचा, मग १६ संघ प्लेऑफमध्ये जातात. तिथे प्रत्येक फेरी सात सामन्यांची, चार सामने जिंकणारा पुढे. अशा चार फेऱ्या जिंकल्या की जूनमध्ये स्टॅनली कप हातात येतो.

एडमंटन हे आल्बर्टा प्रांतातलं जेमतेम दहा लाख वस्तीचं शहर. तेलावर उभी असलेली अर्थव्यवस्था, म्हणून संघाचं नाव ऑइलर्स. १९८४ ते १९९० या काळात या संघाने पाच वेळा कप जिंकला. त्यातले पहिले चार वेन ग्रेट्झकी संघात असताना. १९८८ मध्ये चौथा कप जिंकल्यावर अवघ्या काही महिन्यांत मालकाने ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. बदल्यात दीड कोटी डॉलर, काही खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या निवडी मिळाल्या. संतापाची पातळी एवढी होती की सरकारने हा सौदा रोखावा अशी मागणी एका खासदाराने केली. सचिनला कुणीतरी मुंबईच्या संघातून विकून टाकलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून पाहा.

१९९० नंतर एडमंटनला कप मिळालेला नाही. १९९३ मध्ये माँट्रियलने जिंकल्यानंतर तर कॅनडातल्या कोणत्याच संघाला मिळालेला नाही. आईस हॉकी हा ज्या देशाचा जीव की प्राण, तिथे तीस वर्षांहून जास्त काळ कप आलेला नाही. त्यामुळे मॅकडेव्हिड किती वर्षं थांबणार हा प्रश्न एका शहरापुरता राहत नाही.

पैसा असूनही खर्च का करता येत नाही?

एनएचएलमधली सगळी खरी लढाई इथे आहे. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला. त्यातून सॅलरी कॅप, म्हणजे पगाराची कमाल मर्यादा आली. प्रत्येक संघाने वर्षाला सगळ्या खेळाडूंवर मिळून जास्तीत जास्त किती खर्च करायचा हे लीग ठरवते. २०२४-२५ साठी हा आकडा ८ कोटी ८० लाख डॉलर होता, २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख. मालक कितीही श्रीमंत असला तरी उपयोग नाही.

आयपीएल पाहणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स १२० कोटींची होती, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे लिलाव नसतो आणि २०२५ मध्ये करार तब्बल आठ वर्षांपर्यंतचे असायचे. चुकीच्या माणसाला मोठा करार दिला तर तो वर्षानुवर्षं मानगुटीवर बसतो. ऑइलर्सनीच २०२२ मध्ये जॅक कॅम्पबेल या गोलकीपरला पाच वर्षांचा, वर्षाला ५० लाखांचा करार दिला. तो फसला. २०२४ मध्ये त्याला पैसे देऊन मोकळं केलं, पण त्याचा हिस्सा २०३० पर्यंत दरवर्षी ऑइलर्सच्या मर्यादेतून वजा होत राहणार. संघात नसलेला माणूस, पण हिशेबाच्या वहीत हजर.

आता २०२५-२६ चा हिशेब पाहा. लिऑन ड्रायसाइटल १ कोटी ४० लाख, मॅकडेव्हिड १ कोटी २५ लाख, बचावपटू इव्हान बुशार्ड १ कोटी ५ लाख, दुसरा बचावपटू डार्नेल नर्स ९२ लाख ५० हजार. चार माणसांतच ४ कोटी ६२ लाख डॉलर संपले. म्हणजे जवळपास निम्मी मर्यादा. उरलेल्या निम्म्यात बाकीचा अख्खा संघ बसवायचा.

म्हणून अशा संघाला सगळ्यात जास्त गरज असते ती स्वस्तात मस्त खेळणाऱ्या तरुण पोरांची. ऑइलर्सनी २०२४ च्या उन्हाळ्यात नेमकी तीच गमावली.

२०२४ चा उन्हाळा: दोन पोरं गेली कशी?

(इथे उन्हाळा म्हणजे तिकडचा. जूनअखेर ड्राफ्ट, १ जुलैला फ्री एजन्सी म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार, आणि सप्टेंबरमध्ये सराव शिबिर. आपल्याकडे तेव्हा पावसाळा असतो.)

२४ जून २०२४ ला ऑइलर्स स्टॅनली कपच्या फायनलचा सातवा सामना फ्लोरिडा पँथर्सकडून २-१ ने हरले. पहिले तीन सामने हरून पुढचे तीन जिंकलेल्या संघाचा हा शेवट होता. हरलेल्या संघात असूनही प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू मॅकडेव्हिडच ठरला.

एका गोलने कप हुकल्यावर कुणालाही वाटेल की थोडीशी भर घातली की काम फत्ते. ऑइलर्सनी तेच केलं. १ जुलैला जेफ स्किनरला एका वर्षासाठी ३० लाखांवर आणि व्हिक्टर आर्विडसनला दोन वर्षांसाठी वर्षाला ४० लाखांवर घेतलं. दोघंही तिशी ओलांडलेले, नावाजलेले गोल करणारे. शिवाय जुने अनुभवी खेळाडू पुन्हा करारबद्ध केले. त्या दिवशी वाहवा झाली. तोवर जनरल मॅनेजर केन हॉलंड पायउतार झाले होते आणि नवा माणूस आला नव्हता, त्यामुळे सौदे संघाचे सीईओ जेफ जॅक्सन करत होते. महिनाअखेरीस स्टॅन बोमन आले. ही नेमणूक वादग्रस्त होती. शिकागो संघात २०१० मध्ये घडलेलं लैंगिक अत्याचार प्रकरण हाताळण्यात कसूर झाल्याच्या चौकशीनंतर त्यांना २०२१ मध्ये तिथलं पद सोडावं लागलं होतं, आणि लीगने त्यांच्यावरची बंदी नुकतीच उठवली होती.

आणि मग १३ ऑगस्ट उजाडला.

सेंट लुईस ब्लूज या संघाने ऑइलर्सच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या दोन तरुणांना एकाच दिवशी 'ऑफर शीट' दिली. ही भानगड समजायला सोपी आहे. काही तरुण खेळाडूंचा करार संपला तरी त्यांच्यावर पहिला हक्क जुन्या संघाचाच असतो. पण दुसरा संघ त्यांना थेट करार देऊ शकतो. खेळाडूने सही केली की जुन्या संघाकडे सात दिवस असतात. तेवढीच रक्कम देऊन खेळाडू ठेवा, नाहीतर त्याला जाऊ द्या आणि भरपाई म्हणून ड्राफ्टमधल्या निवडी घ्या. आयपीएलमधल्या राइट टू मॅच कार्डाचा हा चुलतभाऊ. पण एनएचएलमध्ये तो फार क्वचित वापरला जातो. संघांचे मॅनेजर एकमेकांशी असं वागणं टाळतात.

ब्लूजनी टाळलं नाही. ब्रोबर्गला वर्षाला सुमारे ४५ लाख ८० हजार, हॉलोवेला सुमारे २२ लाख ९० हजार. एडमंटनला परवडणार नाहीत असेच आकडे हेरून ठरवलेले. दोघांना ठेवायचं तर जवळपास ६९ लाख डॉलर लागणार होते, आणि पैसे १ जुलैलाच संपले होते. वर ड्रायसाइटल आणि बुशार्ड यांचे मोठे करार डोक्यावर होते. सात दिवसांनी ऑइलर्सनी हात वर केले. पहिल्या फेरीत, एक आठव्या आणि दुसरा चौदाव्या क्रमांकावर निवडलेली दोन पोरं गेली आणि बदल्यात एक दुसऱ्या फेरीची, एक तिसऱ्या फेरीची निवड मिळाली.

ही चूक केवढी होती? पुढच्या हंगामाचे आकडे बोलके आहेत. आईस हॉकीत गोल केला की एक गुण, गोलला पास दिला तरी एक गुण. स्किनर आणि आर्विडसन या दोघांनी मिळून २०२४-२५ मध्ये ५६ गुण केले. एकट्या हॉलोवेने सेंट लुईससाठी ६३ केले, त्यात २६ गोल. स्किनर आणि आर्विडसन यांचा एकत्र पगार ७० लाख. हॉलोवे आणि ब्रोबर्ग यांचा त्याहून किंचित कमी. म्हणजे पैसे होते, ते चुकीच्या वयावर खर्च झाले. ऑफर शीट येऊ शकते हे माहीत असताना तरुणांचे करार मागे ठेवून आधी बाजारात जायचं, ही घाई ऑइलर्सना भोवली.

मग २०२५ मध्ये काय बदललं?

संघ पुन्हा फायनलला गेला. पुन्हा समोर फ्लोरिडाच. यावेळी १७ जूनला सहाव्याच सामन्यात ५-१ असा निकाल लागला आणि कप परत फ्लोरिडालाच गेला. लागोपाठ दुसऱ्या वर्षी.

यावेळच्या उन्हाळ्यात बोमन यांनी उलटा रस्ता धरला. आर्विडसनला बॉस्टनला दिलं, बदल्यात फक्त पाचव्या फेरीची निवड. इव्हँडर केनला व्हँकूव्हरला दिलं, बदल्यात चौथ्या फेरीची. कागदावर हे फुकटात देण्यासारखं दिसतं, पण घ्यायची होती ती मोकळी जागा. केन एकटाच ५१ लाखांहून जास्त अडवून बसला होता. जेफ स्किनर सॅन होजेला गेला, कॉनर ब्राऊन न्यू जर्सीला.

कोरी पेरीही गेला. मे महिन्यात चाळीशी गाठलेल्या या माणसाने त्याच प्लेऑफमध्ये १० गोल केले होते. गेल्या सहा वर्षांत चार वेगवेगळ्या संघांकडून तो पाच फायनल खेळला आणि पाचही हरला. तो लॉस एंजेलिस किंग्जकडे गेला. याच किंग्जना ऑइलर्सनी लागोपाठ चार वर्षं पहिल्या फेरीत घरी पाठवलं होतं, त्यामुळे पेरीची निवड धाडसी म्हणायची की दुर्दैवी, हा प्रश्नच होता.

जागा मोकळी झाल्यावर पहिला मोठा करार बुशार्डचा झाला. चार वर्षं, वर्षाला १ कोटी ५ लाख. तोही हॉलोवेसारखाच ऑफर शीटच्या टप्प्यात येणार होता. यावेळी १ जुलै उजाडण्याआधी, ३० जूनलाच, सही घेतली. धडा घेतला होता, हे यावरून दिसतं. ट्रेंट फ्रेडरिकला मात्र आठ वर्षांचा करार दिला, वर्षाला ३८ लाख ५० हजार. तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या दणकट खेळाडूसाठी आठ वर्षं म्हणजे फारच झालं. बाहेरून आलेला अँड्र्यू मँजियापाने दोन वर्षांसाठी, वर्षाला ३६ लाखांवर.

खरी गंमत तरुणांच्या बाजूला आहे.

आशा कुणावर?

एनएचएलमध्ये अठरा वर्षांची मुलं दरवर्षी ड्राफ्टमधून संघांमध्ये वाटली जातात. सात फेऱ्या असतात आणि साधारणपणे तळाचे संघ आधी निवडतात. २०२५ मध्ये पहिल्या करारावरच्या पोराचा मूळ पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत असायचा. अशा एकाने जरी वीस गोल केले तरी संघाचे तीस-चाळीस लाख वाचतात.

पण दरवर्षी कपच्या मागे धावणारा संघ उशिरा निवडतो, शिवाय निवडी विकत सुटतो. ऑइलर्सनीही तेच केलं होतं. २०२५ ची पहिल्या फेरीची निवड २०२४ च्या ड्राफ्टमध्येच देऊन त्यांनी सॅम ओ'रायली नावाचा मुलगा घेतला. मग जुलै २०२५ मध्ये तोच ओ'रायली टँपा बेला देऊन आयझॅक हॉवर्डला आणलं. सगळे त्याला आइक म्हणतात. मिशिगन स्टेट विद्यापीठाकडून खेळताना त्याने २०२५ चा होबी बेकर पुरस्कार मिळवला, म्हणजे अमेरिकेच्या कॉलेज हॉकीतला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. टँपासोबत त्याचा करार जुळत नव्हता, त्याचा फायदा बोमन यांनी घेतला. ओ'रायलीला तयार व्हायला अजून काही वर्षं लागली असती. हॉवर्ड लगेच खेळू शकत होता. एडमंटनकडे नसलेली गोष्ट वेळ होती, म्हणून हा सौदा त्यांना पटला.

दुसरा मॅट सवॉय. हा तर एडमंटनला लागून असलेल्या सेंट आल्बर्टचाच पोरगा. २०२२ मध्ये नवव्या क्रमांकावर बफेलोने निवडलेला, २०२४ च्या जुलैमध्ये रायन मॅकलाउडच्या बदल्यात आलेला. दोघंही उंचीने लहान, हात चपळ. मॅकडेव्हिड किंवा ड्रायसाइटलच्या शेजारी उभं राहून गोल करायचे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या दोघांच्या वेगाशी जुळवून घेता न आलेल्यांची यादी मोठी आहे.

न सुटलेला प्रश्न: गोलकीपर

एवढं सगळं केलं, पण चाहते ज्यासाठी ओरडत होते ते झालंच नाही. २०२५ च्या फायनलमध्ये स्टुअर्ट स्किनरला (जेफ स्किनरशी नातं नाही, आडनाव तेवढं सारखं) तिसऱ्या आणि चौथ्या सामन्यात मधूनच बाहेर काढावं लागलं. कॅल्विन पिकार्ड आला, चौथा सामना वाचवला, पाचवा हरला. सहाव्याला पुन्हा स्किनर. फायनलमध्ये अशी संगीतखुर्ची खेळून कप जिंकणं अवघडच. तरीही ऑक्टोबर उजाडला तेव्हा तीच जोडी कायम होती. बाजारात चांगले गोलकीपर नव्हते हे खरं. पण कॅम्पबेलचा हात पोळलेला आहे, हेही तितकंच खरं.

फ्लोरिडाचं काय, आणि कपची शक्यता किती?

फ्लोरिडाने याच उन्हाळ्यात सॅम बेनेट, आरोन एकब्लाड आणि ब्रॅड मार्शंड या तिघांनाही बाजारभावापेक्षा कमी पैशांत ठेवून घेतलं. यामागचं एक कारण कराचं आहे. फ्लोरिडा राज्यात राज्याचा आयकर नाही. आल्बर्टात वरच्या पगारावर केंद्र आणि प्रांत मिळून ४८ टक्के कर जातो. कॅप सगळ्यांना सारखी, पण हातात पडणारे पैसे सारखे नाहीत. कॅनडातल्या संघांची ही जुनी तक्रार आहे. मात्र सप्टेंबरच्या सरावात फ्लोरिडाचा कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्हच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि तो बहुतेक संपूर्ण २०२५-२६ हंगामाला मुकणार असं दिसत होतं. एडमंटनच्या बाजूनेही सगळं आलबेल नव्हतं. मनगटाच्या दुखापतीमुळे फायनल हुकलेला झॅक हायमन सुरुवातीचे काही आठवडे नव्हता, आणि पश्चिम विभागात मिच मार्नरला घेतलेला वेगास, शिवाय डॅलस आणि कोलोरॅडो वाट अडवून बसले होते.

पण ऑइलर्सकडे असलेली गोष्ट दुसऱ्या कुणाकडे नाही. मॅकडेव्हिड, आणि त्याच्या जोडीला २०२४-२५ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक ५२ गोल करणारा ड्रायसाइटल. यातला ड्रायसाइटल आठ वर्षांच्या करारावर आहे. मॅकडेव्हिड मात्र नाही. त्याने सोडलेल्या ६६ लाखांत दीड चांगला खेळाडू येतो. त्याच्या करारानंतर अनुभवी बचावपटू मॅटियास एकहोमने नवा करार केला, तोही वर्षाला फक्त ४० लाखांवर. म्हणजे जागा करून दिली होती, ती योग्य माणसांनी भरायचं काम बोमन यांचं होतं.

नवा करार २०२६-२७ पासूनचा आहे. २०२५-२६ चा हंगाम धरून एडमंटनच्या हातात तीन हंगाम होते. २०२६-२७ मध्ये कॅप १० कोटी ४० लाखांवर जाणार आहे, त्याच्या पुढच्या वर्षी ११ कोटी ३५ लाखांवर. १ जुलै २०२७ पासून मॅकडेव्हिडशी पुढच्या कराराची बोलणी करता येतील. तोवर काही ठरलं नाही तर १ जुलै २०२८ ला तो ३१ वर्षांचा असेल, आणि ३२ पैकी कोणत्याही संघाशी बोलायला मोकळा.